सागरी जीवांचे सामूहिक मृत्यू आणि अन्नजाळे

सागरी जीवांचा सामूहिक मृत्यू म्हणजे एखाद्या सागरी प्रजातीचा मोठा हिस्सा काही दिवसांत, आठवड्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत, नेहमीच्या मृत्युदराच्या कित्येक पट वेगाने नष्ट होण्याची घटना. रोगाची साथ, पाण्याच्या तापमानातील असामान्य वाढ, पाण्यातील प्राणवायूची घट, विषारी शैवलांची अतिवाढ आणि उपासमार ही तिची नेहमीची कारणे होत. पुष्कळदा यांपैकी दोन-तीन कारणे एकाच वेळी काम करतात. घटनेचा परिणाम मेलेल्या प्रजातीपुरता राहत नाही. ती ज्यांना खात होती ते वाढतात, तिच्यावर जगणारे उपाशी राहतात, आणि हे बदल अन्नजाळ्यातून अशा जीवांपर्यंत पोहोचतात ज्यांचा मूळ प्रजातीशी थेट संबंध कधी आलेला नसतो. मात्र परिणाम किती खोल जाईल हे मृतांच्या संख्येवरून ठरत नाही. मेलेल्या प्रजातीचे काम करणारे दुसरे कोणी तेथे उरले आहे की नाही, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ पासून झालेला तारामाशांचा संहार आणि त्यानंतर उद्ध्वस्त झालेली केल्पवने हे याचे बारकाईने अभ्यासले गेलेले उदाहरण आहे.

संकल्पना

शालेय पुस्तकांतील अन्नसाखळी एका रेषेत चालते: वनस्पती, शाकाहारी, मांसाहारी. प्रत्यक्ष समुद्रात एकेक प्राणी अनेकांना खातो आणि अनेकांचे भक्ष्य असतो, म्हणून अन्नजाळे हा शब्द अधिक योग्य आहे. या जाळ्यावर धक्का दोन दिशांनी येऊ शकतो. वरच्या पातळीवरील भक्षक नाहीसा झाला की त्याचे भक्ष्य मोकाट वाढते आणि त्या भक्ष्याचे खाद्य संपते. पातळ्यांवरून खाली उतरत जाणाऱ्या या बदलाला प्रपात परिणाम म्हणतात. उलट, तळचे अन्न आटले की वरचे प्राणी उपाशी मरतात, आणि बदल खालून वर चढतो.

कोणत्या भक्षकाच्या जाण्याने जाळे कोलमडते याचा पहिला नेटका प्रयोग अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी केला. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाशी असलेल्या मकाह उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर १९६३ पासून त्यांनी एका पट्ट्यातील पिसास्टर ऑक्रेशियस या जातीचे सर्व तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकून देण्यास सुरुवात केली. शेजारचा पट्टा त्यांनी जसाच्या तसा ठेवला. तारामासे नसलेल्या पट्ट्यात मसल जातीच्या शिंपल्यांनी हळूहळू सगळा खडक व्यापला आणि इतर जीवांना जागाच उरली नाही. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तेथील प्रजातींची संख्या १५ वरून ८ वर आली होती. कमानीच्या माथ्यावरचा एक दगड काढला की कमान ढासळते, त्या दगडाच्या उपमेवरून पेन यांनी १९६९ साली अशा प्रजातीला ‘कीस्टोन’ हे नाव दिले. मराठीत तिला कळीची प्रजाती म्हणता येईल. पेन यांनी काही मीटरांच्या पट्ट्यात हाताने जे केले, तेच पन्नास वर्षांनी एका रोगाने मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर केले.

२०१३ ची साथ

तारामासा हा नावात ‘मासा’ असला तरी मासा नव्हे. सागरी अर्चिन आणि सागरी काकडी यांच्याप्रमाणे तो कंटकचर्मी संघातील अपृष्ठवंशी प्राणी आहे. जून २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर नियमित पाहणी करणाऱ्यांना रोगट तारामासे आढळले. पुढील वर्षभरात दक्षिणेस बाहा कॅलिफोर्नियापासून उत्तरेस अलास्कापर्यंत वीसहून अधिक जातींमध्ये हीच लक्षणे दिसू लागली. प्रथम बाहू वेडेवाकडे पिळवटतात. मग अंगावर पांढरट व्रण उमटतात, शरीरातील पाण्याचा दाब जाऊन प्राणी हवा गेलेल्या फुग्यासारखा चपटा पडतो. त्यानंतर बाहू गळून पडतात, आणि गळालेला बाहू काही काळ स्वतंत्रपणे सरपटतही राहतो. अखेरीस खडकावर पांढऱ्या लगद्याखेरीज काही उरत नाही. पहिल्या लक्षणापासून येथवर यायला कधी कधी काही दिवसच पुरतात. या विकाराला तारामाशांचा क्षयरोग म्हटले जाते. माणसाच्या क्षयाशी त्याचा काही संबंध नाही.

सर्वांत जबर फटका सूर्यफूल तारामाशाला, म्हणजे पिक्नोपोडिया हेलिअँथॉइडीस या जातीला बसला. हा जगातील सर्वांत मोठ्या तारामाशांपैकी एक. त्याचा व्यास एक मीटरपर्यंत जातो. लहानपणी त्याला पाच बाहू असतात, वाढीबरोबर नवे फुटत जाऊन ते चोवीसपर्यंत होतात. बाहूंच्या खालच्या बाजूस हजारो नलिकापाद असतात आणि त्यांच्या बळावर तो मिनिटाला सुमारे एक मीटर वेगाने चालतो. ही चाल माणसाला मंद वाटली तरी अर्चिनाला ती जीवघेणी आहे. खेकडे, शिंपले, मेलेले मासे असे त्याला काहीही चालते, पण अर्चिन हे त्याचे महत्त्वाचे भक्ष्य. तो अर्चिनाला काट्यांसकट गिळतो आणि नंतर रिकामे कवच बाहेर टाकतो.

या जातीचे सुमारे ५७५ कोटी प्राणी, म्हणजे एकूण संख्येच्या ९० टक्क्यांहून अधिक, साथीत मेले असा अंदाज आहे. कॅलिफोर्निया आणि ऑरेगनच्या किनाऱ्यावर तर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला. सात वर्षांपूर्वी जी जात पाणबुड्यांच्या दृष्टीने अगदी सामान्य होती, तिच्या बाबतीत हे घडले.

कारणाचा शोध

साथीचे कारण सापडायला बारा वर्षे लागली, आणि मधला प्रवास सरळ नव्हता. २०१४ साली एका अभ्यासगटाने डेन्सोव्हायरस गटातील एका विषाणूवर बोट ठेवले. पुढील तपासण्यांत तो विषाणू निरोगी तारामाशांतही आढळला, आजारी तारामाशांशी त्याचा संबंध सातत्याने जुळेना, आणि मूळ अभ्यासातील संशोधकांनीच तो निष्कर्ष मागे ठेवला. त्यानंतर अनेक वर्षे तापमान, प्राणवायूची कमतरता, त्वचेवरील जिवाणू अशा वेगवेगळ्या शक्यता मांडल्या गेल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील संशोधकांनी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जिवाणूचा एक प्रकार सूर्यफूल तारामाशांतील रोगास कारणीभूत असल्याचे दाखवून दिले. आधीच्या अभ्यासांचा भर ऊतींवर होता. या गटाने शरीरपोकळीतील द्रव तपासला. आजारी प्राण्याचा हा द्रव निरोगी प्राण्यात टोचला की तो आजारी पडे, पण तोच द्रव तापवून किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळून दिला तर काही होत नसे. म्हणजे द्रवात काहीतरी जिवंत होते, आणि ते गाळणीत अडकण्याइतके मोठे होते. पुढे तो जिवाणू वेगळा काढून, वाढवून, निरोगी तारामाशांना दिल्यावर तेच प्राणी त्याच लक्षणांनी मेले. हा जिवाणू स्कॅलप नावाच्या शिंपल्यांच्या अळ्यांना मारणारा म्हणून आधीपासून माहीत होता. कॉलऱ्याचा जिवाणूही याच व्हिब्रिओ प्रजातीसमूहातला. या समूहातील अनेक जिवाणू उबदार पाण्यात जोमाने वाढतात.

साथीचा काळ आणि समुद्राच्या तापण्याचा काळ एकमेकांत मिसळलेला होता. २०१३ च्या अखेरीपासून ईशान्य पॅसिफिकमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन अंश सेल्सियसने उष्ण पाण्याचा प्रचंड पट्टा तयार झाला. हवामानशास्त्रज्ञांनी त्याला ‘ब्लॉब’ असे काहीसे गमतीचे नाव दिले. २०१५-१६ च्या तीव्र एल निनोने त्यात भर घातली. साथ सुरू होण्यामागे ब्लॉब होता असे म्हणता येत नाही, कारण पहिली प्रकरणे त्याआधीची आहेत. पण असामान्य उष्ण पाण्याच्या काळात सूर्यफूल तारामाशांचा ऱ्हास अधिक तीव्र झाला, असे २०१९ च्या एका विस्तृत पाहणीत दिसून आले. याला पुष्टी देणारी गोष्ट म्हणजे ब्रिटिश कोलंबियातील काही थंड, खोल फ्योर्डांत ही जात आजही बऱ्या संख्येने टिकून आहे.

केल्पवनांचा ऱ्हास

केल्प ही वनस्पती नसून मोठ्या आकाराची तपकिरी शैवले आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातील बुल केल्प ही जात वर्षायू आहे: वसंतात खडकावर रुजते, काही महिन्यांत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत उंच होते आणि हिवाळ्यातील वादळांत उपटून जाते. दाट वाढलेल्या केल्पचे खरोखरीच रान होते. त्याच्या सावलीत रॉकफिशची पिल्ले लपतात, पानांवर गोगलगाई व बारीक खेकडे राहतात, तुटून तळाशी पडलेल्या पानांवर अर्चिन आणि अ‍ॅबलोनी जगतात. अ‍ॅबलोनी हा एका पसरट शिंपल्याखाली खडकाला चिकटून राहणारा मांसल मृदुकाय प्राणी आहे.

निरोगी केल्पवनात जांभळे अर्चिन खडकांच्या कपारींत बसून असतात आणि वाहत येणारी पाने पकडून खातात. बाहेर पडणे धोक्याचे असते आणि त्याची गरजही नसते. २०१४ नंतर या दोन्ही गोष्टी पालटल्या. सूर्यफूल तारामासे नाहीसे झाल्यामुळे धोका गेला. उष्ण पाण्यात नायट्रेटसारखी पोषकद्रव्ये कमी असतात, त्यामुळे केल्पची वाढ खुंटली आणि वाहत येणारी पाने कमी झाली. अर्चिन कपारींतून बाहेर पडले आणि त्यांनी उभे केल्प बुडख्याशी कुरतडायला सुरुवात केली. बुडखा सुटला की सगळे शैवल वाहून जाते, म्हणून अर्चिन जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक नष्ट करतो. काही वर्षांत जांभळ्या अर्चिनांची संख्या सुमारे ६० पट झाली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरील ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प नाहीसे झाले. जेथे रान होते तेथे काट्यांनी भरलेला जांभळा खडक उरला. अशा जागेला अर्चिनांचे ओसाड म्हणतात.

त्यानंतरची पाळी अ‍ॅबलोनीची होती. त्याला अर्चिनाइतकी उपासमार सोसत नाही, आणि अन्नाच्या शोधात तो केल्पच्या उरल्यासुरल्या देठांवर चढू लागल्याचे पाणबुड्यांनी नोंदवले. लाल अ‍ॅबलोनी गोळा करणे ही उत्तर कॅलिफोर्नियातील जुनी परंपरा. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून त्यासाठी बुडी मारण्यास मनाई होती, केवळ श्वास रोखून जावे लागे. दरवर्षी हजारो कुटुंबे त्यासाठी किनाऱ्यावर येत आणि लहान गावांतील खाणावळी, निवासगृहे व दुकाने त्या हंगामावर चालत. या हौशी मासेमारीचे मूल्य वर्षाला सुमारे ४.४ कोटी डॉलर मानले जात असे. २०१८ पासून ती बंद करण्यात आली. लाल अर्चिनांच्या व्यवसायाचीही तीच गत झाली. अर्चिनाच्या जननग्रंथींना जपानी खाद्यसंस्कृतीत मोठी मागणी आहे, पण उपाशी अर्चिनाचे कवच फोडले तर आत जवळजवळ काहीच नसते. समुद्रात अर्चिन उदंड आणि बाजारात विकण्याजोगा एकही नाही, अशी स्थिती झाली.

एकच रोग, तीन किनारे

याच काळात सूर्यफूल तारामासे कॅलिफोर्नियाच्या सगळ्या किनाऱ्यावरून नाहीसे झाले, पण केल्पवने सगळीकडे सारखी नष्ट झाली नाहीत. या फरकाचे मूळ बरेच जुने आहे.

सागरी पाणमांजर हा अर्चिनांचा दुसरा मोठा शत्रू. त्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, दाट लोकर असते. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पावपट अन्न लागते. याच लोकरीसाठी १७४१ मधील बेरिंगच्या मोहिमेनंतर त्याची बेसुमार शिकार सुरू झाली, आणि १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळेपर्यंत जगात एक-दोन हजारच पाणमांजरे उरली होती. जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी १९७४ साली अल्यूशियन बेटांची तुलना करून दाखवले की पाणमांजरे परतलेल्या बेटांभोवती केल्प दाट आहे, आणि ती नसलेल्या बेटांभोवती अर्चिनांनी तळ साफ केला आहे. ही पाणमांजरे मध्य कॅलिफोर्नियात हळूहळू वाढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मात्र ती परतलीच नाहीत.

म्हणून उत्तर कॅलिफोर्नियात अर्चिनांना आवर घालणारा मुख्य भक्षक एकच राहिला होता, सूर्यफूल तारामासा. तो मेल्यावर बदली कोणी नव्हते. मध्य कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात पाणमांजरे होती. तेथे केल्पवने तुटक झाली, पण पूर्ण गेली नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियात शीपहेड नावाचा मासा आणि शेवंड हे दोघेही अर्चिन खातात. तेथील केल्पही वेगळ्या जातीचे आहे, त्यामुळे तुलना करताना सावधगिरी हवी. तरीही उत्तरेसारखा सरसकट विनाश तेथे झाला नाही.

पाणमांजर आणि तारामासा एकमेकांची हुबेहूब जागा घेत नाहीत, हेही या काळात स्पष्ट झाले. ब्रिटिश कोलंबियाच्या मध्य किनाऱ्यावर पाणमांजरे असूनही तारामासे मेल्यावर मध्यम आकाराचे अर्चिन ३११ टक्क्यांनी वाढले आणि केल्पची दाटी ३० टक्क्यांनी घटली. पाणमांजराला मोठे अर्चिन आवडतात, लहान-मध्यम अर्चिन तारामासा टिपत असे. माँटेरेत आणखी एक गोष्ट दिसली. पाणमांजरे केल्पच्या शिल्लक तुकड्यांतील धष्टपुष्ट अर्चिन खात होती आणि ओसाडातील पोकळ अर्चिनांकडे फिरकत नव्हती. त्यामुळे उरलेले केल्प वाचले, पण गेलेले परत आणण्याचे काम त्यांच्याकडून झाले नाही. सूर्यफूल तारामासा मात्र भरलेले आणि उपाशी असे दोन्ही प्रकारचे अर्चिन खातो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. उपाशी अर्चिन वर्षानुवर्षे न मरता टिकून राहतात, आणि नवा कोंब फुटला की तो लगेच खातात. या चिवटपणामुळेच एल निनो ओसरून पाणी थंड झाल्यावरही ओसाड जागी केल्प आपोआप परतले नाही.

जमिनीवर याचे जवळचे उदाहरण भारतातील गिधाडांचे आहे. डायक्लोफिनॅक या पशुवैद्यकीय औषधामुळे गिधाडे मेली, आणि गुरांचे मृतदेह इतक्या झपाट्याने फस्त करणारे दुसरे कोणीही नसल्याने भटक्या कुत्र्यांना मोकळे रान मिळाले.

खालून आलेला धक्का: म्यूर पक्ष्यांची उपासमार

त्याच उष्ण पाण्याने अलास्काच्या आखातात उलट्या दिशेने काम केले. कॉमन म्यूर हा बुडी मारून मासे पकडणारा काळा-पांढरा समुद्रपक्षी. त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक मासे लागतात. तीन-चार दिवस अन्न मिळाले नाही तर तो मरतो. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे ६२,००० मेलेले वा मरणासन्न म्यूर वाहून आले. ते जवळजवळ सगळे उपासमारीने अस्थिपंजर झालेले होते.

समुद्रात मेलेल्या पक्ष्यांपैकी थोडेच किनाऱ्याला लागतात, म्हणून सुरुवातीला एकूण मृत्यू दहा लाखांपर्यंत असावेत असा अंदाज करण्यात आला. पुढे प्रजननस्थळांवरील पक्ष्यांची घटनेपूर्वीची आणि नंतरची मोजणी ताडून पाहिल्यावर हा आकडा फार तोकडा ठरला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अलास्कातील सुमारे ४० लाख म्यूर, म्हणजे तेथील निम्मी संख्या, नष्ट झाली होती, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ती भरून निघाल्याचे चिन्ह दिसले नाही. एकाच जातीच्या वन्य पक्ष्यांचा एवढा मोठा मृत्यू आधुनिक काळात अन्यत्र नोंदला गेलेला नाही.

मासे अचानक कोठे गेले, याचे उत्तर शरीरक्रियेत आहे. उष्ण पाण्यात प्राणिप्लवक आकाराने लहान आणि चरबीने कमी झाले, त्यामुळे त्यांवर जगणारे कॅपलिन, सँड लान्स यांसारखे लहान मासे रोडावले. त्याच वेळी कॉडसारख्या मोठ्या माशांची भूक वाढली. माशांचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच तापते, पाणी तापले की त्यांची चयापचय क्रिया वेगाने चालते आणि तेवढ्याच माशाला अधिक अन्न लागते. म्हणजे ताटात वाढलेले कमी झाले आणि पंगतीला बसलेल्यांची भूक वाढली. म्यूर या कात्रीत सापडले. कॉडही त्यातून सुटले नाहीत. त्यांची संख्या इतकी घसरली की २०२० साली अलास्काच्या आखातातील पॅसिफिक कॉडची केंद्रशासित मासेमारी बंद ठेवावी लागली.

बेरिंग समुद्रातील हिमखेकड्यांची कथा याच जातीची आहे. २०१८ नंतर तेथील शंभर कोटींच्या दहापटीहून अधिक खेकडे नाहीसे झाले. उष्ण पाण्यात वाढलेली भूक आणि दाटीवाटीमुळे झालेली उपासमार हे त्याचे मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष २०२३ साली मांडण्यात आला. २०२२ मध्ये हा हंगाम इतिहासात प्रथमच रद्द झाला होता.

कॅरिबियनमधील उलट चित्र

पॅसिफिकमध्ये अर्चिन वाढल्यामुळे परिसंस्था बिघडली. कॅरिबियन समुद्रात ती अर्चिन मेल्यामुळे बिघडली. लांब काळ्या काट्यांचा डायाडेमा हा अर्चिन प्रवाळखडकांवरील शैवल खरवडून खातो आणि त्यामुळे प्रवाळांच्या अळ्यांना बसायला स्वच्छ जागा मिळते. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर हे अर्चिन मरू लागले. प्रवाहांबरोबर रोग पसरत गेला, आणि सुमारे तेरा महिन्यांत जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमधील ९० टक्क्यांहून अधिक डायाडेमा मेले. त्या साथीचा रोगकारक कधीच ओळखता आला नाही.

सर्वांत वाईट परिणाम जमैकात झाला, आणि तो का झाला हे महत्त्वाचे आहे. शैवल खाणारे पोपट मासे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते. डायाडेमाने त्यांचे काम अंगावर घेतले होते, म्हणून वरवर पाहता खडक निरोगी दिसत होता. १९८० च्या ‘अ‍ॅलन’ चक्रीवादळाने प्रवाळ मोडले, त्यानंतर तीन वर्षांत अर्चिनही गेले, आणि शैवलाला रोखणारे कोणी उरले नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात खडकाचा सुमारे ५० टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो ५ टक्क्यांच्याही खाली आला आणि ९० टक्क्यांहून अधिक भाग शैवलाखाली गेला. २०२२ साली कॅरिबियनमध्ये डायाडेमाची दुसरी साथ आली. या वेळी मात्र वर्षभरातच एक सूक्ष्म लोमधारी आदिजीव तिचे कारण असल्याचे निश्चित झाले.

पुनरुज्जीवन

साथ ओसरली की मेलेली प्रजाती परत वाढेल, असे गृहीत धरता येत नाही. तारामासे आणि अर्चिन यांचे फलन शरीराबाहेर, पाण्यात होते. नर व मादी जवळजवळ असतील तरच शुक्रपेशी आणि अंडी एकत्र येतात. किलोमीटरमागे एखादाच प्राणी उरला तर तो निरोगी असूनही त्याचे बीज वाया जाते. पिसास्टर ऑक्रेशियस या जातीच्या बाबतीत ऑरेगनमध्ये साथीनंतर लगेच पिल्लांची मोठी लाट आली. सूर्यफूल तारामाशाच्या वाट्याला दक्षिणेकडील किनाऱ्यावर तसे काही आले नाही.

त्यामुळे दोन मार्गांनी प्रयत्न चालू आहेत. कॅलिफोर्नियातील नोयो उपसागरात २०२० पासून व्यावसायिक पाणबुड्यांना मोबदला देऊन जांभळे अर्चिन हाताने काढले जात आहेत. हे तेच पाणबुडे आहेत ज्यांचा लाल अर्चिनांचा धंदा बुडाला होता. ठरावीक लहान क्षेत्रे यातून मोकळी होतात, पण शेकडो किलोमीटर किनाऱ्याला हा उपाय पुरणारा नाही. दुसरा मार्ग सूर्यफूल तारामाशाच्या बंदिस्त पैदाशीचा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून या जातीची अंडी फलित करून पिल्ले वाढवली जात आहेत. तरंगत्या अळ्यांना प्लवकांवर पोसावे लागते, त्या खाली बसून रूपांतरित झाल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पाच बाहूंचे तारामासे तयार होतात, आणि ते लहान असताना संधी मिळाली तर एकमेकांनाच खातात. प्रौढ होण्यास त्यांना काही वर्षे लागतात. पुढे कॅलिफोर्नियातील मत्स्यालयांनीही ही पैदास हाती घेतली. रोगकारक जिवाणू कळल्यामुळे आता सोडण्यापूर्वी पिल्लांची तपासणी करणे आणि कोणत्या वंशातील प्राणी रोगाला तोंड देऊ शकतात याचा शोध घेणे शक्य झाले आहे.